कंट्रीवाल्यांच्या हाती टेलिकास्टर आली कशी

अमेरिकेतलं कंट्री संगीत म्हटलं की फिडल, बँजो आणि लाकडी गिटार डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात नॅशव्हिल या कंट्रीच्या राजधानीतल्या बारमध्ये मुख्य गिटार वाजवणाऱ्याच्या गळ्यात बहुतेक वेळा टेलिकास्टर ही चपटी, विजेवरची गिटार असते. तिला तिथवर आणलं ते गोंगाटाने.

१९३३मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि टेक्सास-ओक्लाहोमाकडे हॉन्की-टॉन्क म्हणतात ते गुत्ते फोफावले. नाणं टाकून चालणारा ज्यूकबॉक्स, नाचायला थोडी जागा आणि तेलविहिरींवर राबून आलेली माणसं. टेक्सासचा गायक अर्नेस्ट टब याच्याकडे ज्यूकबॉक्सवाल्यांची तक्रार आली: गर्दी वाढली की तुमची रेकॉर्ड ऐकूच येत नाही. १९४१मध्ये त्याने फे स्मिथ या वादकाला विजेची गिटार देऊन रेकॉर्डिंगला बसवलं. ती रेकॉर्ड तुफान चालली आणि टबच्या बँडमध्ये विजेची गिटार कायमची आली.

पण तेव्हाची विजेची गिटार म्हणजे पोकळ पेटीला बसवलेला पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपून विजेत बदलणारा भाग. अॅम्पचा (अॅम्प्लिफायरचा) आवाज चढवला की पेटीच थरथरायची, तो आवाज पुन्हा पिकअपमध्ये शिरायचा आणि माईक स्पीकरसमोर धरल्यावर बसते तशी शिट्टी बसायची. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारला हा त्रास कमी होता, कारण १९३०च्या दशकापासून तिची भरीव रूपं बाजारात होती.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा लिओ फेंडर अशाच हवाईयन गिटारी आणि अॅम्प बनवत होता. त्याला स्वतःला गिटार येत नव्हती. कदाचित म्हणूनच तो वाद्याकडे यंत्रासारखा बघू शकला, असं मला वाटतं. अॅश लाकडाची सपाट फळी, तिच्यावर चार स्क्रूंनी आवळलेली मेपलची मान. मान बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. १९५०मध्ये एका पिकअपची एस्क्वायर आली आणि दोन पिकअपची ब्रॉडकास्टर. धंद्यातल्या लोकांनी तिला होडीचं वल्हं म्हणून हसण्यावारी नेलं. त्यात ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच होतं. त्यांची हरकत येताच कामगारांनी स्टिकरवरचं नाव कात्रीने कापून टाकलं. १९५१मधल्या त्या बिननावाच्या गिटारींना आता नोकास्टर म्हणतात आणि संग्राहक त्यांच्यासाठी वाटेल तेवढे पैसे मोजतात. पुढे टेलिव्हिजनच्या नवलाईत टेलिकास्टर हे नाव पडलं.

तिचा सगळा तिखटपणा घोडीजवळच्या पिकअपमध्ये आहे. पिकअप तिरका बसवलेला, भोवती लोखंडी पत्रा. घोडीवर सहा तारांना आधार फक्त तीन, म्हणजे दोन तारांत एक. त्यामुळे जुनी टेलिकास्टर वरच्या पट्ट्यांवर पूर्ण सुरात कधीच लागत नाही. वादक थोडं इकडे, थोडं तिकडे करून भागवतो. आणि तरीही अनेक जण ते तीन पितळी आधार बदलायला तयार नसतात!

या आवाजाला खरं घर मिळालं कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डमध्ये. १९३०च्या दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठवलेली ओक्लाहोमाची कुटुंबं तिथल्या कापसाच्या शेतांत आणि तेलक्षेत्रांत आली होती. ब्लॅकबोर्ड नावाच्या बारमध्ये गायक-गिटारवादक बक ओवेन्स वर्षानुवर्षं टेलिकास्टर वाजवत होता. नॅशव्हिल तेव्हा व्हायोलिनचे ताफे आणि कोरस लावून गाणी मऊ करत होतं. ओवेन्स आणि त्याचा जोडीदार डॉन रिच नेमके उलटे गेले. मोटारीतल्या छोट्या रेडिओवर ऐकू यावं म्हणून ओवेन्स रेकॉर्डिंगमध्ये वरचे, टोकदार सूर मुद्दाम चढवून घ्यायचा. बेकर्सफिल्डचाच गायक मर्ल हॅगर्ड याच्या बँडमध्ये गिटारवादक रॉय निकोल्स होता, त्याची टेलिकास्टरही तशीच धारदार.

वाजवायची पद्धतही या गिटारीबरोबर घडत गेली. अंगठा आणि तर्जनीत पिक (तार छेडायची चकती), मधल्या बोटाने तार वर उचलून सोडायची. ती गिटारीच्या मानेवर आपटते, डावा हात लगेच ती दाबून गप्प करतो, आणि कोंबडी कॉककॉक करावी तसा तुटक आवाज येतो. म्हणून नाव चिकन पिकिंग. अॅम्पचा आवाज स्वच्छ ठेवायचा, फाटू द्यायचा नाही, त्यामुळे चूक झाकायला जागा नाही. रॉकवाल्यांना फाटक्या आवाजात ती झाकायची सोय असते.

राहिली मींड. कंट्रीतली पेडल स्टील गिटार पायाने तार ताणून रडवते. तसं टेलिकास्टरवर व्हावं म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीस गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइटसाठी ड्रमवादक जीन पार्सन्सने गिटारीच्या पोटात एक यंत्रणा बसवली. गिटार खाली दाबली की खांद्याच्या पट्ट्याला हिसका बसतो आणि दुसरी तार नेमकी एक पूर्ण स्वर वर चढते. पोकळ जागा हवी म्हणून पाठीवर जास्तीचं लाकूड लावलेलं, त्यामुळे ती गिटार जाडजूड दिसते. १९७३मध्ये कार्यक्रम संपल्यावर सामान गाडीत भरताना दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीखाली व्हाइट गेला. त्याच्या पत्नीकडून ती गिटार कंट्री गायक मार्टी स्टुअर्टने घेतली. ती काचेच्या कपाटात नाही, तो तीच गळ्यात अडकवून कार्यक्रम करतो.