कानशीचा दात आणि कातड्याची पट्टी: छोटे पोलादी भाग भट्टीत जपण्याची पार्श्वभूमी

१ मि.मी. जाडीची पोलादी पिन हार्डनिंगसाठी (तापवून झटकन विझवून कडक करण्यासाठी; ही कडकी पोलादातल्या कार्बनमुळे येते) ८०० अंश सेल्सिअसच्या उघड्या भट्टीत ठेवली आणि पृष्ठभागातला कार्बन ०.१ मि.मी. खोलीपर्यंत उडाला, तर नीट कडक होणारा गाभा उरतो ०.८ मि.मी.चा. म्हणजे छेदाचा ३६ टक्के भाग मऊ राहिला. ५० मि.मी.च्या शाफ्टचा तेवढाच थर ग्राइंडिंगमध्ये निघून जातो. पिन, स्प्रिंग, बारीक आटे किंवा कानशीचा दात यांत ग्राइंडिंगला जागाच नसते. तापलेल्या पोलादावर हवेने येणारी ऑक्साइडची खपली निदान डोळ्यांना दिसते. उडालेला कार्बन मात्र भागावर कानस फिरवून ती चावल्यावरच कळतो.

यावरचे काही जुने लिखित उपाय कानशीचेच आहेत. १२व्या शतकात थिऑफिलस या साधूने दोन कृती नोंदवल्या. पहिलीत बैलाचे शिंग जाळून त्यात एक तृतीयांश मीठ घालून बारीक पूड करायची आणि तापलेल्या कानशीवर भुरभुरायची. दुसरी मऊ लोखंडाच्या छोट्या कानशींसाठी: दात पाडून झाले की डुकराची जुनी चरबी चोळायची, बकऱ्याच्या कातड्याच्या पट्ट्या गुंडाळायच्या, सुताने बांधायचे आणि वर मळलेल्या मातीचा लेप द्यायचा. मुठीत जाणारे टोक मात्र उघडे ठेवायचे. लेप वाळला की विस्तवात घालून भाता जोरात मारायचा, कातडे जळले की कानस झटकन मातीतून काढून पाण्यात विझवायची. या वेष्टनाने दोन कामे एकदम साधली: माती हवा अडवते आणि जळते कातडे आत उरलेला ऑक्सिजन खाऊन वर लोखंडाला कार्बन देते.

गंमत अशी की हे करणाऱ्यांना कार्बन ठाऊकच नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७२२ मध्ये लोखंडाचे पोलाद करण्यावर पद्धतशीर प्रयोग प्रसिद्ध केले, पण बदलाचे श्रेय त्यांनी गंधकी पदार्थ आणि क्षारांना दिले. तो बदल घडवणारा कार्बन आहे हे वांदरमोंद, बेर्तोले आणि मोंझ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८६ मध्ये मांडले.

पुढे कातड्याची जागा झाकणबंद लोखंडी डब्याने आणि कोळशाच्या पुडीने घेतली. इथे उलटी चूकही होते. ताजा कोळसा जास्त वेळ लागला तर कार्बन वाढतो, बारीक धार ठिसूळ होते आणि तिचे टवके उडतात. म्हणून नुसते जपायचे असेल तेव्हा आधी वापरून जोर कमी झालेला कोळसा घेतात.

हायस्पीड स्टीलला (वेगाने धातू कापणाऱ्या हत्यारांच्या पोलादाला) १२०० अंशांच्या वर न्यावे लागते. त्यासाठी २०व्या शतकात बेरियम क्लोराइडच्या वितळलेल्या मिठाचे बाथ, म्हणजे भाग बुडवायचे हौद, रुळले. त्यांचा मोठा गुण बाहेर काढताना दिसतो: जॉबवर (कामाच्या भागावर) मिठाचा पातळ थर चिकटून येतो आणि क्वेंचिंगपर्यंत, म्हणजे विझवेपर्यंत, हवा लागू देत नाही. पण जॉब ओला असेल तर पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेले मीठ उसळते. बेरियम क्लोराइड विषारीही आहे. शिवाय वापरून वापरून बाथमध्ये ऑक्साइड साठतात आणि तो बाथच कार्बन खाऊ लागतो. नियंत्रित वायूच्या आणि व्हॅक्यूम भट्ट्यांनी मोठ्या कारखान्यांतून हे बाथ बरेचसे हटवले.

साध्या भट्टीसाठी स्टेनलेसचा पातळ पत्रा आला, साधारण ०.०५ मि.मी. जाडीचा. त्याच्या पाकिटाच्या कडा दोनदा दुमडतात, हवा दाबून काढतात आणि आत कागदाचा कपटा ठेवतात. तो जळताना उरलासुरला ऑक्सिजन संपवतो. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, हातमोजे हवेतच. हत्यारांच्या पोलादाचे हवेत कडक होणारे डी२ किंवा ए२ हे प्रकार पाकिटासकट थंड करता येतात. तेलात कडक होणाऱ्या ओ१ या प्रकाराचे तसे नाही: पाकीट फाडण्यात जे सेकंद जातात तेवढ्यात बारीक भाग निवतो आणि मऊ राहतो.

अशा भागांसाठी घड्याळजींची बोरिक अ‍ॅसिडची पद्धत आजही जास्त भरवशाची. बोरिक पूड अल्कोहोलमध्ये कालवून भाग त्यात बुडवायचा आणि विस्तवापासून दूर पूर्ण वाळू द्यायचा. तापताना पाणी निघून जाते आणि ४५० अंशांच्या आसपास काचेसारखे आवरण वितळून पसरते. भाग धरायची तार जिथे टेकते तिथे ते फाटते, म्हणून तार कामाच्या जागेपासून लांब बांधावी. भाग आवरणासकट सरळ तेलात जातो. उरलेली काच गरम पाण्यात विरघळते.