कियांती: सांजोवेझेच्या सोबतीला कोण?

1872 साली इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या ब्रोलियोच्या किल्ल्यातून पिसा विद्यापीठातल्या चेझारे स्तुदियाती या प्राध्यापकांना एक पत्र गेलं. लिहिणारे होते बेत्तिनो रिकासोली. पहिले पंतप्रधान काव्हूर यांच्यानंतर इटलीचे पंतप्रधान झालेले हे गृहस्थ करड्या शिस्तीचे, म्हणून लोक त्यांना ‘पोलादी बॅरन’ म्हणत. पत्रात राजकारणाचा विषय नव्हता. आपल्या डोंगरउतारावरची कुठली द्राक्षं एकत्र केली तर चांगली कियांती, म्हणजे तिथली लाल वाइन, होते, हे त्यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर लिहून काढलं होतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. वाइनचा मुख्य सुगंध आणि जोम सांजोवेझे हे लाल द्राक्ष देतं. कानाइओलो हे दुसरं लाल द्राक्ष त्यात मार्दव आणतं, सांजोवेझेचा कडकपणा निववतं आणि सुगंधाला मात्र धक्का लावत नाही. तिसरं माल्वासिया, हे पांढरं द्राक्ष. त्यानं वाइन हलकी होते, रोजच्या जेवणात लवकर प्यायला चालते. पण जी वाइन वर्षानुवर्षं मुरवायची आहे तिच्यात ते घातलं नाही तरी चालेल.

कियांतीचा पुढचा दीडशे वर्षांचा इतिहास या तीन वाक्यांवरच्या वादाचा आहे. गंमत अशी की पत्रात टक्केवारी नाही. ‘बॅरनची कृती’ म्हणून सत्तर-वीस-दहा असे आकडे आज सर्रास छापले जातात, ते नंतरच्या लोकांनी जोडले. बॅरननं सांगितला तो प्रत्येक द्राक्षाचा स्वभाव. मला तरी ते पत्र म्हणूनच मोलाचं वाटतं.

आता मुळात सोबत लागतेच का? सांजोवेझे एकटं प्यायलं की उत्तर मिळतं. रंगानं ते फार गडद नसतं. ग्लास तिरका धरला तर कडेला विटकरी झाक दिसते. वासाला आंबट चेरी, सुकलेली फुलं, चहाची पत्ती, थोडी ओली माती. पहिल्या घोटाला जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं, आमसूल चघळल्यासारखं. आणि मग मागून तुरटपणा येतो. पिकत आलेलं जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या जशा आवळल्यासारख्या होतात, तसा. ऊन चांगलं मिळालं, घड पूर्ण पिकले, तर हा आंबट-तुरट जोर सुंदर लागतो. पण सांजोवेझे उशिरा पिकतं, त्याची साल पातळ असते, आणि टस्कनीच्या डोंगरात ऑक्टोबर उजाडला की पावसाची धास्ती असते. ज्या वर्षी ते नीट पिकत नाही त्या वर्षी वाइन रोड आणि आंबटढाण होते. अशा वर्षी कानाइओलोचा मऊपणा कामी येतो. गवयाला तंबोऱ्याची साथ असावी तसं हे आहे: तंबोरा वेगळा ऐकू येत नाही, पण काढून घेतला की गाणं उघडं पडतं.

कियांती हे नाव मात्र द्राक्षाचं नव्हे, डोंगराळ मुलखाचं. फ्लोरेन्स आणि सिएना या दोन वैरी शहरांच्या मधला हा पट्टा. राद्दा, गाइओले आणि कास्तेल्लिना ही त्यातली मूळची तीन गावं. फ्लोरेन्सच्या बाजूनं त्यांचा लष्करी संघ होता आणि त्याच्या निशाणावर काळा कोंबडा होता. या कोंबड्याची दंतकथा तिकडं प्रत्येकाला पाठ असते. सीमेचा तंटा मिटवायला दोन्ही शहरांनी ठरवलं की आपापल्या कोंबड्यानं बांग दिली की एकेक घोडेस्वार निघेल, आणि दोघे जिथं भेटतील तिथं सीमा. सिएनावाल्यांनी आपल्या पांढऱ्या कोंबड्याला चांगलं खाऊ घातलं. फ्लोरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला. भुकेनं तो पहाट व्हायच्या कितीतरी आधी आरवला आणि फ्लोरेन्सचा स्वार सिएनाच्या दारापासून जेमतेम 12 किलोमीटरवर, फोंतेरुतोलीला पोहोचला. कथा खरी की खोटी ते सोडा. आजही बाटलीच्या गळ्यावर तोच काळा कोंबडा बसलेला आहे.

नाव मोठं झालं तसे नकली कियांतीही निघू लागले. 24 सप्टेंबर 1716 रोजी टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा यानं फर्मान काढून कियांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वाल्दार्नो दि सोप्रा या चार मुलखांच्या सीमा लिहून दिल्या. त्या सीमेबाहेरच्या वाइनला ते नाव लावायचं नाही. वाइनच्या मुलखाची कायद्यानं आखलेली ही जगातल्या सर्वांत जुन्या सीमांपैकी एक.

या वाइनची चव घडवणारी एक जुनी रीत इथं सांगायला हवी, कारण ती आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. तिला ‘गोवेर्नो’ म्हणतात. काढणीच्या वेळी काही चांगले घड बाजूला काढून चटईवर किंवा आढ्याला टांगून सुकत ठेवायचे. इकडे मुख्य वाइन आंबून शांत होत आली की हे सुरकुतलेले, गोडी दाटलेले मणी कुस्करून तिच्यात टाकायचे. साखर मिळाली की यीस्ट पुन्हा जागं होतं, थंडीत मंदपणे पुन्हा आंबायला लागतं. त्यानं वाइनला गोलाई येते आणि ती लवकर पिण्याजोगी होते. जुनी कियांती प्यायलेले लोक तिच्या जिभेवरच्या किंचित चुरचुरीची आठवण काढतात, ती या रीतीची.

आणि दुसरी आठवण बाटलीची. गोल बुडाची, गवतानं विणलेली ती ‘फियास्को’. काच फुंकून केलेली, तळ सपाट नसलेली, त्यामुळे नुसती ठेवली तर कलंडणारी. पाणथळ जागी उगवणारं गवत वाळवून बायका तिच्याभोवती बैठक आणि अंगरखा विणायच्या. एम्पोलीच्या आसपासच्या गावांत हा घरबसल्या चालणारा धंदा होता. गवतामुळे बाटली उभी राहायची, प्रवासात फुटायची नाही. पूर्वी तिला बूच नसे. वाइनवर ऑलिव्हच्या तेलाचा पातळ थर ओतायचा, तेवढ्यानं हवा लागायची नाही. अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांच्या खाणावळींत हीच बाटली रिकामी झाली की मेणबत्तीचं झाड व्हायची. तिनं कियांतीचं नाव जगभर नेलं. स्वस्त वाइनची बाटली अशी ओळखही तिनंच दिली, आणि ती पुसायला पुढं पन्नास वर्षं लागली.

त्या घसरणीची सुरुवात मात्र नकाशावर झाली. 14 मे 1924 रोजी राद्दामध्ये 33 उत्पादकांनी एकत्र येऊन काळ्या कोंबड्याच्या निशाणाखाली आपला संघ स्थापला. मागणी इतकी होती की मूळ मुलूख पुरेना, आणि शेजारपाजारचे सगळेच आपली वाइन कियांती म्हणून विकत होते. 1932 साली सरकारी समितीनं त्यावर काढलेला तोडगा असा: कियांतीचे सात विभाग करा, आणि मूळच्या मुलखाला ‘क्लासिको’ म्हणा. म्हणजे ज्यांचं नाव होतं त्यांनाच आपल्या नावापुढं विशेषण लावावं लागलं. बाटलीवर नुसतं ‘कियांती’ आणि ‘कियांती क्लासिको’ असा जो फरक आज दिसतो तो इथून आला. दुकानात गोंधळणाऱ्या प्रत्येकाला मी हीच एक गोष्ट सांगतो: कोंबडा असेल तर मूळचा डोंगर.

दुसऱ्या महायुद्धानंतर अर्धेलीची शेती मोडली. शतकानुशतकं जमीनदाराची जमीन कसून अर्धा वाटा घेणारी कुटुंबं शहरातल्या कारखान्यांकडं निघून गेली. द्राक्ष, ऑलिव्ह, गहू एकाच शेतात ओळीनं लावायची जुनी पद्धत गेली आणि घाईघाईनं सलग बागा लागल्या. लावताना चवीपेक्षा वजन पाहिलं गेलं. माल्वासियाच्या जागी भरघोस पिकणारं पण फिक्या चवीचं त्रेब्बियानो आलं. आणि 1967 चा कायदा आला तेव्हा त्यानं या पांढऱ्या द्राक्षांचं प्रमाण किमान 10 आणि जास्तीत जास्त 30 टक्के असं ठरवून टाकलं. बॅरननं जे ‘मुरवायच्या वाइनमध्ये नसलं तरी चालेल’ म्हटलं होतं, ते आता कायद्यानं सक्तीचं झालं. इतिहासातला हा प्रकार मला सर्वांत जास्त खटकतो. रिकासोलीच्या नावानं झाला आणि रिकासोलीच्या म्हणण्याच्या बरोबर उलट झाला.

बंड घरातूनच झालं. पिएरो अंतिनोरी यांचं घराणं फ्लोरेन्समध्ये 1385 पासून वाइनच्या धंद्यात. त्यांनी जाकोमो ताकीस या तज्ज्ञाच्या साथीनं 1971 च्या पिकापासून तिन्यानेल्लो नावाची वाइन कियांतीचं नाव सोडून बाजारात आणली. ती मुरवली लहान ओक पिंपांत. 1975 पासून तिच्यातलं पांढरं द्राक्ष पूर्ण गेलं आणि सोबतीला फ्रान्सचं काबेर्ने आलं. 1977 साली राद्दाजवळच्या मोंतेव्हेर्तिनेच्या सेर्जो मानेत्ती यांनी तर ‘ले पेर्गोले तोर्ते’ ही निव्वळ सांजोवेझेची वाइन केली. कायद्याच्या लेखी या सगळ्या ‘व्हिनो दा ताव्होला’, म्हणजे साध्या जेवणाच्या वाइन, सगळ्यात खालची पायरी. किमतीनं मात्र त्या कियांतीच्या कितीतरी वर गेल्या. ‘सुपर टस्कन’ हे नाव त्यांना बाहेरच्यांनी दिलं.

कायदा मग हळूहळू मागून चालत आला. 1984 साली कियांतीला सर्वोच्च दर्जाची मोहोर मिळाली आणि पांढऱ्याचं प्रमाण अगदी कमी केलं गेलं. 1996 साली क्लासिकोला स्वतःची वेगळी नियमावली मिळाली आणि निव्वळ सांजोवेझेचीही परवानगी आली. 2006 च्या पिकापासून क्लासिकोत पांढरं द्राक्ष बंदच झालं. आज तिथं किमान 80 टक्के सांजोवेझे लागतं, उरलेल्या 20 टक्क्यांत इतर लाल वाणं. नुसत्या कियांतीत ही अट 70 टक्क्यांची आहे, आणि थोडं पांढरं द्राक्ष अजूनही चालतं.

मधल्या काळात काबेर्ने आणि मर्लो या फ्रेंच द्राक्षांनी टस्कनीला पैसा मिळवून दिला हे खरं. पण काबेर्ने ही सोबत जड आहे. पाच टक्के घातलं तरी त्याचा ब्लॅककरंट या काळ्या बेरीचा, हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास पुढं येतो, आणि आंबट चेरी मागं सरते. हार्मोनियमवाल्यानंच गायला लागावं तसं होतं. म्हणून अलीकडची घडामोड मला फार मोलाची वाटते: क्लासिकोतला सर्वांत वरचा दर्जा म्हणजे ‘ग्रान सेलेझिओने’, 2014 पासूनचा. त्यासाठी 2021 साली संघानं ठरवलं की किमान 90 टक्के सांजोवेझे हवं आणि उरलेल्यात फक्त तिथलीच जुनी लाल वाणं, परदेशी नको. म्हणजे कानाइओलो आणि रंग देणारं कोलोरिनो परत घरात आले.

कियांतीचं आकर्षण नेमकं कशात, तर जेवणात. नुसती पिऊन कियांती पटत नाही असं सांगणारे बरेच भेटतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ती नुसती प्यायची वाइन नव्हेच. फ्लोरेन्सला निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या जाड तुकड्याबरोबर ती घेतात, तेव्हा तिचा तुरटपणा मांसाच्या रसाशी आणि चरबीशी मिळून मऊ होतो. टोमॅटोच्या आंबटपणापुढं बहुतेक लाल वाइन बेचव लागतात, ही टिकते कारण तिच्यात स्वतःचं आंबट आहे. ऑलिव्ह तेलात परतलेल्या घेवड्यांबरोबरही तसंच. थोडी गार, सोळा-सतरा अंशांवर घ्या. आपल्याकडच्या खोलीच्या उष्णतेत तिचं मद्यच पुढं येतं.

आणि हे द्राक्ष आपल्यापासून फार लांब नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली वायनरीच्या बागांत सांजोवेझे पिकतं. पिएरो मासी हे टस्कनीचे जाणते वाइनकार ती वायनरी उभी राहिल्यापासून तिच्याशी जोडलेले. ‘सेत्ते’ नावाची त्यांची वाइन सांजोवेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यो यांचं मिश्रण आहे, म्हणजे कुळानं ती तिन्यानेल्लोची. तिकडं काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पावसाशी शर्यत लावून. इकडं पावसाळ्यानंतरची छाटणी आणि उन्हाळा तापायच्या आत काढणी. म्हणजे धास्ती उलटी, पावसाच्या जागी उन्हाची, आणि आंबटपणा टिकवायचा तर घड वेळेत उतरवायला हवेत. तरी ‘सेत्ते’च्या घोटात ती आंबट चेरी मला ओळखू येते, काबेर्नेच्या आडून. त्याच मातीत कुणीतरी कानाइओलोच्या चार ओळीही लावून बघाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे.