साठेखताची विशिष्ट पूर्तता

विक्रेत्याने जमीन किंवा फ्लॅट विकायचं साठेखत (पुढे विक्री करण्याचा लेखी करार) करून दिलं आणि नंतर शब्द फिरवला, तर ‘ठरल्याप्रमाणे खरेदीखत करूनच द्या’ असा हुकूम खरेदीदाराला दिवाणी कोर्टातून मागता येतो, त्याला विशिष्ट पूर्तता म्हणतात. कोर्टात सगळे स्पेसिफिक परफॉर्मन्सच म्हणतात.

मूळ इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टात. नक्की कधीपासून यावर एकमत नाही, साधारण पंधराव्या शतकापर्यंत मागे जाता येतं एवढं म्हणणं सुरक्षित. कॉमन लॉची, म्हणजे तिथली नेहमीची कोर्टं फक्त पैशात भरपाई द्यायची, आणि जमिनीचा एक तुकडा दुसऱ्यासारखा नसतो म्हणून लोक चॅन्सरीच्या प्रमुखाकडे, चॅन्सेलरकडे जायचे. भारतातला १८७७ चा स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट, म्हणजे या विषयाचा कायदा, न्यूयॉर्कच्या सिव्हिल कोडच्या मसुद्यावर बेतलेला मानतात, पण हुकूम देणं न देणं कोर्टाच्या मर्जीवर हा त्यातला मुख्य धागा चॅन्सरीचाच वाटतो. १९६३ च्या कायद्यातही तो टिकला.

१ ऑक्टोबर २०१८ पासून मात्र या १९६३ च्या कायद्याचं कलम १० बदललं आणि ही मर्जी बरीचशी गेली. आधीच्या करारांना नवा नियम लागत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये म्हटलं होतं, पण तो निकाल २०२४ मध्ये रिव्ह्यूत (फेरविचारात) मागे घेतला गेला, त्यामुळे आता नुसत्या त्याच्यावर विसंबून चालणार नाही.

खरी परीक्षा त्याच कायद्याच्या कलम १६ ची. आपण पहिल्यापासून पैसे द्यायला तयार आणि राजी होतो हे खरेदीदाराने सिद्ध करायचं असतं, म्हणजे बँक स्टेटमेंट, मंजूर लोन, वेळेवर पाठवलेली नोटीस, आणि बरेच दावे इथेच पडतात हे वाईट वाटतं कारण माणसाची बाजू खरी असते पण कागद नसतो. मुदत तीन वर्षं, करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून.

साठेखताने मालकी मिळत नाही. भरलेल्या रकमेपुरता मिळकतीवर बोजा मात्र येतो. विसार परत मिळावा ही पर्यायी मागणी दाव्यातच घालावी लागते. मध्येच मिळकत तिसऱ्याला विकली जाऊ नये म्हणून मनाई हुकूम मागतात, शिवाय मुंबईत आणि महाराष्ट्रातल्या अधिसूचित भागांत लिस पेंडन्सची (मिळकतीवर दावा चालू असल्याची) नोटीस रजिस्टर करतात, तिच्याशिवाय दावा चालू असताना घेणाऱ्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ बांधत नाही. डिक्रीनंतरही (कोर्टाच्या अंतिम हुकुमानंतरही) विक्रेता सही करत नसेल तर कोर्ट त्याच्या वतीने खरेदीखत करून देतं.

बिल्डरकडच्या फ्लॅटला रेराचं (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं) कलम १८ वेगळं आहे.