काळ्या मातीची वीट आणि ओतशाळेची रेती : खानदेशातील पार्श्वभूमी

ओतशाळेत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून वस्तू घडवणाऱ्या कारखान्यात, वापरून टाकलेली रेती काळ्या मातीच्या विटेत मिसळता येईल का, हा इथला प्रश्न. खानदेशात वीट थापणाऱ्याची पहिली अडचण मातीचीच असते. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांकाठचा गाळ सोडला तर बहुतेक शिवारांत बेसाल्ट झिजून झालेली काळी कापसाची जमीन आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते आणि वाळताना इतके आकसते, की साच्यातून काढलेली कच्ची वीट भट्टीत रचण्याआधीच तडकते. मातीत चुनखडीचे खडे राहिले, तर भाजलेली वीटसुद्धा पुढे ओल लागताच फुटते. गावोगावची जुनी घरे धाब्याची आणि पांढरीच्या मातीची असत, याचे एक कारण हेही असावे.

पक्क्या विटेची मागणी वाढली ती रेल्वेनंतर. १८६०च्या दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत आला, कापसाच्या व्यापाराला जोर चढला आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने व गोदामे उभी राहू लागली. यंत्रे आली तशी त्यांच्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, सुट्या भागांची गरजही आली. वीटभट्टी आणि ओतशाळा यांचा एकमेकींशी मात्र संबंध नव्हता. एक मातीसाठी शेत खणत राहिली, दुसरी वापरलेली रेती आवाराबाहेर टाकत राहिली.

काळ्या मातीत काही तरी मिसळून तिचा चिवटपणा मोडायचा, ही कल्पना भट्टीवाल्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. १९४७ साली स्थापन झालेल्या रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तिला शास्त्रीय आधार दिला. तीच माती आधी भाजून, कुटून पुन्हा गाऱ्यात मिसळली किंवा राख अथवा दगडाचा चुरा घातला, तर आकसणे आटोक्यात येते. पुढे १४ सप्टेंबर १९९९च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटांमध्ये वजनाने किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रामुळे हा नियम थेट खानदेशाच्या दारात आला. कारखान्याचा टाकाऊ माल विटेत जिरवण्याचा विचार इथे रुळला तो या राखेमुळे, आणि ओतशाळेच्या रेतीचा प्रश्न त्याच वाटेने पुढे येतो.

ही रेती म्हणजे मुळात सिलिका वाळू, तिला बांधून ठेवणारी बेंटोनाइट नावाची माती, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचे मिश्रण. साच्याच्या पेटीतून ओतीव वस्तू काढून साचा फोडला की ती काळीभोर, कोमट आणि मुठीत सहज विस्कटणारी असते. बेंटोनाइटमधील मुख्य खनिजही माँटमोरिलोनाइटच, म्हणजे काळ्या मातीतलेच. मात्र सुमारे १,४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या बीडाला लागून असलेल्या थरात ते भाजून मरते आणि पुन्हा फुगत नाही. रुरकीच्या संशोधनात माती मुद्दाम भाजून जे साधले, ते या थरात आयते झालेले असते. मला या उपयोगातली खरी जमेची बाजू हीच वाटते.

पण सगळी रेती एकसारखी नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत योहानेस क्रोनिंग यांनी रेझिनने (राळेसारख्या चिकट रसायनाने) बांधलेल्या, कवचासारख्या पातळ साच्यांची पद्धत काढली. त्यानंतर फिनॉलिक आणि फ्युरान रेझिनची रेती जगभरच्या ओतशाळांत रुळली. ती तापली की त्रासदायक वायू सुटतात. पितळ आणि ब्राँझच्या ओतकामातील रेतीत शिसे, जस्त, तांबे येऊ शकते. स्पेनमधील कांताब्रिया विद्यापीठात साध्या काळ्या रेतीचा आणि रेझिनच्या कोअर-रेतीचा (ओतीव वस्तूतली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याच्या रेतीचा) मातीच्या विटांवरील परिणाम वेगवेगळा तपासला गेला, तो याच फरकामुळे. दोन्ही रेती एकाच ढिगात पडू लागली, की नंतर त्या निवडणे अशक्य होते. म्हणून वर्गवारी ओतशाळेच्या आवारातच व्हायला हवी.

उरतो प्रश्न भट्टीचा. खानदेशातील पुष्कळशा भट्ट्या हंगामी आणि उघड्या रचाईच्या आहेत. मधला थर चांगला भाजतो, कडेचा अर्धाकच्चा राहतो. रेतीतील कोळशाची भुकटी पूर्ण जळाली नाही, तर वीट फोडल्यावर आत काळा गाभा दिसतो. शिवाय ५७३ अंश सेल्सिअसला रेतीतील क्वार्ट्झचे (सिलिकाच्या स्फटिकाचे) रूप बदलून त्याचे आकारमान एकदम बदलते. त्यामुळे रेतीचे प्रमाण वाढवले आणि भट्टी घाईने उघडली, तर निवताना विटेला बारीक चिरा जातात. भारतीय मानक १०७७ नुसार सर्वांत खालच्या वर्गाच्या विटेलाही प्रति चौरस मिलिमीटर ३.५ न्यूटन दाबबळ लागते आणि तिने २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषून चालत नाही. रेती मिसळलेल्या विटेची चाचणी करताना मधल्या थराबरोबर कडेच्या थरातील विटाही घ्याव्या लागतील.