वर्ल्ड बँकेत डॉक्टर: टार्गेटला तारीख हवी म्हणणारे जिम योंग किम

2012 ते 2019 वर्ल्ड बँकेचे अध्यक्ष असलेले जिम योंग किम हे मुळात डॉक्टर, वर परत मानववंशशास्त्रात पीएचडी. त्याआधी त्या खुर्चीत बहुतेक बँकर, माजी मंत्री, मुत्सद्दी अशीच मंडळी बसलेली. गंमत म्हणजे 90 च्या दशकात हेच गृहस्थ वर्ल्ड बँकेला टाळं ठोका म्हणणाऱ्यांच्या बाजूला होते.

त्यांचे विचार कुठून आले ते बघायचं तर पेरूची राजधानी लिमा, तिथली काराबायो नावाची गरीब वस्ती. 90 च्या मध्यावर तिथे एमडीआर टीबी पसरत होता, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी. पेशंट बरा नाही झाला की पुन्हा तीच औषधं, फारतर एखादं वाढवून, त्यामुळे व्हायचं काय की जंतू उरलेल्या औषधांनाही सरावायचा. दुसरी औषधं होती, पण कोर्स दीड-दोन वर्षांचा आणि खर्च हजारो डॉलर, म्हणून गरीब देशांनी या पेशंटच्या मागे लागू नये असंच तेव्हा जाणकारांचं मत होतं. किम, त्यांचे डॉक्टर सहकारी पॉल फार्मर आणि त्यांची 1987 ची संस्था पार्टनर्स इन हेल्थ यांनी वस्तीतल्याच लोकांना ट्रेनिंग दिलं, त्यांनी घरी जाऊन औषध समोर घ्यायला लावलं. किमान चार महिने उपचार घेतलेल्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त लोक बरे झाले, तेही झोपडपट्टीत!

किमतीचं तर अजूनच भारी. यातल्या बऱ्याच औषधांची पेटंट कधीच संपलेली, तरी महाग, कारण घेणारेच कमी. मग सगळ्यांची मिळून एकत्र खरेदी सुरू केली आणि काही औषधं 90 टक्क्यांहून जास्त स्वस्त झाली. 'परवडत नाही' असं कोणी म्हटलं की किंमत कोणी आणि कशी ठरवली हे आधी विचारायचं, ही सवय मला वाटतं इथूनच लागली.

पुढे डब्ल्यूएचओमध्ये एचआयव्हीचं काम आलं तेव्हा '3 बाय 5' मोहीम, म्हणजे 2005 संपेपर्यंत गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या 30 लाख लोकांना औषधं. टार्गेट चुकलं. 13 लाखांपर्यंतच पोचले, किम यांनी जाहीर माफी मागितली, 30 लाखांचा आकडा 2007 मध्ये गाठला गेला. पण सुरुवात साधारण 4 लाखांवरून होती हे विसरू नका. लीडरशिपबद्दल त्यांचं म्हणणं इथेच कळतं: आकडा आणि तारीख जाहीर केली की लपायला जागा राहत नाही, आणि मग यंत्रणेला रोज विचारावं लागतं की आज काय अडलं. वर्ल्ड बँकेतही तेच, 2030 पर्यंत जगातल्या अतिगरीब लोकांचं प्रमाण 3 टक्क्यांच्या आत.

डॉक्टरचा डोळा मात्र सगळ्यात जास्त दिसतो तो स्टंटिंगमध्ये. गर्भापासून दोन वर्षांपर्यंतच्या साधारण 1000 दिवसांत पोषण कमी पडलं आणि सारखी इन्फेक्शन्स झाली की मूल वयाच्या मानाने बुटकं राहतं, आणि उंचीपेक्षा मोठी काळजी मेंदूच्या वाढीची, कारण नंतर कितीही खाऊ घातलं तरी ते नुकसान पूर्ण भरून येत नाही. म्हणून किम देशोदेशीच्या अर्थमंत्र्यांना सांगायचे की रस्ते आणि वीज जशी गुंतवणूक तशीच ही पण. उदाहरण परत पेरूचंच, तिथे 2008 च्या सुमाराला 28 टक्के मुलं स्टंटेड होती ती आठेक वर्षांत 13 टक्क्यांवर आली, गरीब आयांना तपासणीला आल्यावर रोख मदत आणि बजेट रिझल्टला बांधलेलं.

2018 मध्ये त्यांनी ह्युमन कॅपिटल इंडेक्स काढला, त्यात मुलं जगतात का, शिकतात का, वाढतात का हे बघून देशांची यादी लावली. 157 देशांत भारत 115 वा, आपल्या सरकारने तो इंडेक्स बाजूलाच ठेवला. त्यावर वाद घालता येईल, शाळेतलं शिक्षण मोजायची पद्धत काही परफेक्ट नाही. किम यांच्यावरही टीका कमी नाही, बँकेत त्यांनी केलेल्या फेररचनेवर स्टाफ वैतागला होता आणि दुसरी टर्म संपायच्या तीनेक वर्षं आधीच ते खासगी इन्फ्रास्ट्रक्चर फंडात निघून गेले.