रिझर्व्हचा कॉक नसलेली टाकी

शेतात उतरताना मोडून पडलेल्या छोट्या विमानापाशी तपास अधिकारी पोहोचतात, तेव्हा कधीकधी पहिली खूण नाकालाच कळते, ती म्हणजे तिथे पेट्रोलचा वास येत नाही. पंखांतल्या टाक्या फुटलेल्या नसूनही कोरड्या असतात, भोवतालचे गवत सांडलेल्या इंधनाने करपलेले नसते आणि प्रोपेलर जोरात फिरत असताना जमिनीवर आपटला असता तर त्याच्या पात्यांवर जे ओरखडे उमटले असते, तेही दिसत नाहीत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ मध्ये वैमानिकांसाठी काढलेल्या सूचनेनुसार, इंधनाच्या हिशेबातील हयगयीमुळे त्या देशात वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात होतात. २०११ ते २०१५ या काळातील अशा अपघातांपैकी ५६ टक्के अपघातांत इंधन खरोखरच संपले होते, तर ३५ टक्क्यांत ते विमानात होते, पण इंजिनापर्यंत पोहोचले नव्हते. यंत्रातील बिघाडाचा वाटा अवघा ५ टक्क्यांच्या आसपास होता. शिकाऊ वैमानिक जेमतेम २ टक्के होते आणि जवळजवळ निम्म्या वैमानिकांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता. शिकाऊ वैमानिकांवर प्रशिक्षकाची नजर असते हे खरेच, पण सरावाने येणारी बेफिकिरीही या आकड्यांत असावी, असे मला वाटते.

जुन्या स्कूटरवर ज्यांनी दिवस काढले, त्यांना ‘गाडी रिझर्व्हला लागली’ या शब्दांतला दिलासा ठाऊक असतो. इंजिन गचके देऊ लागले की कॉक फिरवायचा, तेही पेट्रोल संपले तर स्कूटर एका बाजूला कलती करून तळाचे चार थेंब कार्बोरेटरकडे न्यायचे आणि पंप गाठायचा. साध्या छोट्या विमानात असा रिझर्व्हचा कॉक नसतो. तिथला राखीव साठा हा वैमानिकाने उड्डाणापूर्वी कागदावर केलेल्या हिशेबात असतो आणि तो लिटरमध्ये नव्हे, तर मिनिटांत मोजला जातो. अमेरिकी नियमांनुसार, बाहेर पाहून केल्या जाणाऱ्या उड्डाणात गंतव्यस्थानी पोहोचल्यावरही दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटे पुरेल इतके इंधन उरेल, अशी तजवीज करावी लागते.

हिशेबावर एवढी भिस्त ठेवण्याचे कारण म्हणजे इंधनाचा काटा फारसा भरवशाचा नसतो. घरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलसारखा एक फ्लोट विमानाच्या पसरट, उथळ टाकीत वरखाली होतो आणि विमान कलले किंवा हेलकावले की त्याच्याबरोबर काटाही हलतो. म्हणूनच काळजी घेणारा वैमानिक उड्डाणापूर्वी पंखाशी चढून झाकण काढतो, खुणा केलेली काठी टाकीच्या तळापर्यंत बुडवतो आणि निळसर पेट्रोलची ओल कुठवर आली आहे, ते ती उडून जाण्याआधी पाहून घेतो. झाकण पुन्हा नीट बसवणेही तितकेच महत्त्वाचे असते, कारण उड्डाणात पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो आणि सैल झाकणातून इंधन बाहेर ओढले जाते.

हिशेब कसा कोसळतो, हे एका उदाहरणावरून पाहू. सेसना १७२ या चार आसनी विमानाच्या एका प्रकारात वापरण्याजोगे इंधन सुमारे १५० लिटर मावते. ताशी २०० किलोमीटर वेग आणि ताशी ३२ लिटर खर्च धरला, तर ५६० किलोमीटरचा प्रवास २ तास ४८ मिनिटांत होतो आणि टाकी ४ तास ४१ मिनिटे पुरते, म्हणजे जवळजवळ दोन तासांची सवड राहते. आता समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा आला, तर जमिनीच्या संदर्भातला वेग १५० वर येतो आणि तोच प्रवास ३ तास ४४ मिनिटांचा होतो. त्यातच वैमानिक उंचीवर गेल्यावर इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणातले पेट्रोल कमी करायला विसरला आणि खर्च ताशी ४० लिटरवर गेला, तर टाकी ३ तास ४५ मिनिटांत रिकामी होते. दोन तासांच्या सवडीतला एक मिनिट उरला, आणि धावपट्टीपर्यंत जाण्यात व चढण्यात जळालेले जादा पेट्रोल तर आपण अजून धरलेलेच नाही.

इंधन असूनही इंजिन उपाशी राहण्याचा प्रकार याहून विचित्र असतो. अनेक विमानांत वैमानिकाला डावी किंवा उजवी टाकी हाताने निवडावी लागते आणि त्याचा विसर पडला की एक टाकी भरलेली असतानाही इंजिन बंद पडते. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टरे उपसागरात कोसळले, तेव्हा ते ‘लाँग-ईझी’ या हौशी बांधणीच्या विमानात एकटे होते. मूळ आराखड्यात टाकी बदलण्याचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये होता, पण हे विमान बांधणाऱ्याने तो आसनामागे, डाव्या खांद्याच्या पाठीशी बसवला होता आणि त्यावर कसल्याच खुणा नव्हत्या. उड्डाणापूर्वी डेन्व्हर यांनी इंधन भरून घेण्यास नकार दिला होता. कॉकपर्यंत हात पोहोचत नाही हे लक्षात आल्यावर दांडा लांबवण्यासाठी पकड लावून पाहिली गेली, पण तिचा उपयोग झाला नाही. तपासात असे दिसून आले की, तो कॉक फिरवण्यासाठी अंग मागे वळवले की आधारासाठी उजवा पाय आपसूक ताणला जातो आणि नेमका उजव्या रडरच्या, म्हणजे विमानाचे नाक उजवीकडे वळवणाऱ्या, पेडलवर दाबला जातो.