मेंदूत उरणारे गॅडोलिनियम : कॉन्ट्रास्ट एमआरआय वारंवार करणे कितपत सुरक्षित?

मेंदूतील गाठ, जंतुसंसर्ग किंवा दाह एमआरआयमध्ये ठळक दिसावा म्हणून शिरेतून जे कॉन्ट्रास्ट औषध देतात, त्यातला कामाचा घटक गॅडोलिनियम हा धातू असतो. या गटातले पहिले औषध १९८८ मध्ये वापरात आले. मूत्रपिंडे नीट काम करत असतील, तर रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते आणि दिवसभरात नव्वद टक्क्यांहून अधिक औषध लघवीवाटे निघून जाते. त्यामुळे पुढे शरीरात काही उरत नाही, असेच पुष्कळ वर्षे धरून चालले होते. २०१४ मध्ये जपानमधील रेडिओलॉजिस्ट टोमोनोरी कांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीला धक्का दिला. ज्या रुग्णांना पूर्वी सहा किंवा त्याहून अधिक वेळा हे औषध मिळाले होते, त्यांच्या कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या चित्रांतही मेंदूचे दोन भाग नेहमीपेक्षा उजळ दिसत होते : लहान मेंदूतील डेंटेट न्यूक्लियस आणि मेंदूच्या खोल भागातील ग्लोबस पॅलिडस.

हा उजळपणा कशाचा, हे समजण्यासाठी औषधाची रचना पाहावी लागते. गॅडोलिनियमच्या आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीविना असतात. त्यांच्या चुंबकीय प्रभावामुळे आसपासच्या पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके लवकर पूर्वस्थितीत येतात आणि ती जागा चित्रात उजळते. म्हणजे आपल्याला दिसते ते गॅडोलिनियम नव्हे, तर त्याच्या शेजारचे पाणी. मात्र हाच आयन मोकळा राहिला तर विषारी ठरतो, कारण त्याचा आकार कॅल्शियमच्या आयनाजवळ जाणारा असल्याने तो पेशींमधील कॅल्शियमच्या कामात अडथळा आणतो. म्हणून औषधात तो एका सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेला असतो. हा रेणू दोन प्रकारचा असतो. रेषीय प्रकारात तो आयनाभोवती नुसताच गुंडाळलेला असतो, त्यामुळे पकड सुटण्याची शक्यता अधिक. वलयी प्रकारात आयन पिंजऱ्यात कोंडल्यासारखा बंद असतो आणि सहजी बाहेर पडत नाही.

पकड सुटली तर काय होऊ शकते, याचा अनुभव वैद्यकशास्त्राला आधीच आला होता. मूत्रपिंडे जवळपास निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा जाड आणि कडक होऊन सांधे आखडत होते. नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस या नावाच्या या विकाराचा संबंध गॅडोलिनियमशी असल्याचे २००६ मध्ये पुढे आले. त्यानंतर मूत्रपिंडांची स्थिती पाहून औषध निवडण्याची काळजी घेतली जाऊ लागली आणि हा विकार अत्यंत दुर्मीळ झाला. मेंदूचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे मूत्रपिंडे चांगली असलेल्यांतही गॅडोलिनियम सापडते.

कांदा यांना चित्रात दिसले ते खरोखर गॅडोलिनियमच होते का, याचे उत्तर २०१५ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या ऊतींचे विश्लेषण करून दिले. किमान चार वेळा कॉन्ट्रास्ट घेतलेल्या १३ जणांच्या मेंदूच्या ऊतींत हा धातू थेट मोजता आला, आणि एकूण मात्रा जितकी जास्त तितका साठाही जास्त होता. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर शाबूत असतानाही तो आत कसा पोचतो? मेंदूभोवती फिरणाऱ्या द्रवातून तो ऊतींपर्यंत जातो, असे स्पष्टीकरण आज अधिक पटणारे वाटते. हाडांत तर तो मेंदूपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात राहतो, याकडे मात्र चर्चेत फारसे कोणी लक्ष देत नाही.

इथे एक बारकावा आहे. चित्रातील उजळपणा आणि साठ्याचे प्रमाण ही एकच गोष्ट नाही. गॅडोलिनियम न विरघळणाऱ्या स्वरूपात अडकले आणि पाण्याशी त्याचा संपर्क तुटला, तर ते असूनही चित्र उजळणार नाही. वलयी औषधांनंतर सहसा उजळपणा दिसत नाही, पण त्यांचेही सूक्ष्म अंश मेंदूत सापडले आहेत. उंदरांवरील प्रयोगांत मात्र एक फरक ठळकपणे दिसला : वलयी औषध बहुतांशी अखंड राहते आणि हळूहळू धुऊन जाते, तर रेषीय औषधातील काही गॅडोलिनियम मोठ्या रेणूंना चिकटून मागे राहते.

या साठ्याने मेंदूला इजा होते का? कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सुमारे १ लाख वृद्ध रुग्णांची कॉन्ट्रास्ट न घेतलेल्यांशी तुलना झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पार्किन्सनसदृश विकाराचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. दिलासा देणारी ही माहिती आहे, पण ती एकाच विकारापुरती आणि एकाच वयोगटापुरती आहे. तपासणीनंतर दीर्घकाळ वेदना किंवा विचारांत धूसरपणा जाणवतो अशी तक्रार काही रुग्ण करतात. तिचे कारण गॅडोलिनियमच आहे, हे सिद्ध झालेले नाही.

त्याच पुराव्यावरून नियामकांनी २०१७ मध्ये वेगवेगळे निर्णय घेतले. इजेचा पुरावा नसल्याचे मान्य करूनही युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने मेंदूच्या तपासणीसाठीची रेषीय औषधे थांबवली आणि रेषीय औषधांपैकी दोन केवळ यकृताच्या तपासणीपुरती ठेवली. अमेरिकेच्या एफडीएने कोणतेही औषध बंद न करता इशारा आणि रुग्णांसाठी माहितीपत्रक सक्तीचे केले. मला युरोपचा मार्ग अधिक पटतो, कारण तितकेच चांगले चित्र देणारा कमी साठणारा पर्याय हाताशी असताना जास्त साठणारे औषध मेंदूसाठी वापरण्याचे कारण उरत नाही.

खरा प्रश्न उरतो तो ज्यांना वर्षानुवर्षे तपासण्या कराव्या लागतात त्यांचा. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या दीर्घकालीन आजाराच्या रुग्णांसाठी २०२१ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार निदानाच्या वेळी कॉन्ट्रास्ट मोलाचे आहे, परंतु नेहमीच्या पाठपुराव्यात नवे डाग त्याच्याविनाही ओळखता येत असल्याने दर वेळी ते देण्याची गरज नसते. मेंदूच्या गाठीवरील शस्त्रक्रियेनंतर मात्र ते टाळल्यास गाठ पुन्हा वाढत असल्याचे निसटू शकते, आणि हा धोका साठ्याच्या अनिश्चित धोक्यापेक्षा निश्चितच मोठा आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले गॅडोपिक्लेनॉल हे वलयी औषध नेहमीच्या निम्म्या मात्रेत पुरते. औषध कोणतेही असो, वारंवार तपासणी होणाऱ्या रुग्णाने दर वेळी दिलेल्या औषधाचे नाव आणि मात्रा अहवालात लिहून घ्यावी, कारण पुढच्या वेळी काय द्यायचे किंवा काही द्यायचे की नाही, हे ठरवणाऱ्या डॉक्टरांना तीच नोंद उपयोगी पडते.